ताईने निवडलेला क्लच

ताई गेल्याचं तिची गाडी सांभाळणाऱ्या दगूभाऊंना मीच फोन करून सांगितलं. पलीकडे गॅरेजात कुठलंतरी इंजिन घरघरत होतं. ते बंद झालेलं ऐकू आलं. दगूभाऊ एवढंच म्हणाले, "सर, येतो मी." सातपूरहून थेट नाशिकरोडला आले, कामाच्या कपड्यांवरच. बुद्धवंदना झाली, माणसं पांगली, तरी ते जिन्यापाशी उभे. जाताना खाली पार्किंगमध्ये ताईच्या गाडीच्या बॉनेटवर हात टेकवला आणि निघून गेले. त्याला आता पाच आठवडे झाले. या पाच आठवड्यांत मला एका जागी बसता आलेलं नाही. वह्या तपासायला घेतो, उठतो, चावी घेऊन खाली जातो, गाडीजवळ उभा राहतो आणि तसाच वर येतो. असं का होतंय ते सांगायचं तर क्लचची हकिकत सांगावी लागेल, आणि तिच्यात माझी बाजू काही चांगली नाही.

ताई म्हणजे प्रज्ञा, माझ्याहून सात वर्षांनी मोठी. आमचे वडील एकलहऱ्याच्या वीज केंद्रात होते, लहानपण तिथल्याच वसाहतीत गेलं. पुढे तीही तिथेच लागली. दाब, तापमान मोजणारी उपकरणं सांभाळायचं काम. मोजल्याशिवाय तिचा कशावरच विश्वास बसत नसे. लग्न केलं नाही. चहासुद्धा येरझाऱ्या घालत प्यायची. चव्वेचाळिसाव्या वर्षी तिने एक जुनी टर्बो पेट्रोल गाडी विकत घेतली आणि दगूभाऊंना हाताशी धरून तिची ताकद वाढवत नेली. मोठा टर्बो बसवला, इंधनाचं गणित बदललं. मोकळ्या रस्त्यावर तिने पाय दाबला की आपली पाठ सीटला चिकटायची. आई म्हणायची, "घरात हिला खुर्ची चावते, आणि गाडीत बघा कशी तासन्‌तास बसते!"

ताकद वाढली आणि कंपनीचा क्लच ती पेलेना. इंजिनाचा जोर चाकांपर्यंत पोचवायला क्लचच्या चकतीने घट्ट धरावं लागतं, आणि ती आता सुटायला लागली होती. नेमक्या त्याच महिन्यांत ताईच्या डाव्या पायातली चप्पल चालता चालता निसटायला लागली. तपासण्या झाल्या. मज्जातंतूंचा आजार निघाला. पायापासून सुरू होऊन वर चढणार, किती वेगाने ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. दवाखान्यातून निघालो तर तिने गाडी घराऐवजी सातपूरच्या गॅरेजकडे वळवली.

दगूभाऊ मूळचे नांदगावचे, बोलणं अजून तिकडचंच. त्यांनी तीन पर्याय सांगितले. पहिला कंपनीसारखाच, पण कडक स्प्रिंगचा. "धरतो चांगला, पन पेडल लय जड." दुसरा शर्यतीच्या गाड्यांचा, त्याला सलग अस्तराऐवजी धातूचे ठोकळे. पकड जबरदस्त, पण सिग्नलवरून गाडी उड्या मारत सुटणार. तिसरा डबल प्लेटचा. एकाऐवजी दोन चकत्या, त्यामुळे तेवढाच जोर हलक्या पेडलवर पेलता येतो. मात्र तो बाहेरून मागवावा लागणार होता, आणि पेडल दाबलं की खडखडणार होता. ताईने उभ्या उभ्याच सांगितलं, "डबल प्लेट. पायाला झेपेल आणि इंजिनालाही."

मला ती गाडीच नको होती. "ऑटोमॅटिक घे," म्हणून तिच्यामागे लागलो होतो, ती हसण्यावारी नेत होती. मग एक दिवस ती ड्यूटीवर असताना मी एकटाच दगूभाऊंकडे गेलो. म्हटलं, "डबल प्लेट मिळत नाही म्हणून सांगा. कंपनीचाच नवा टाका, मऊ." माझा हिशोब असा, की जोर केला की गाडी साथ देणार नाही, हळूहळू तीच कंटाळेल आणि गाडी सोडेल. दगूभाऊ मान हलवत म्हणाले, "सर, हे बरोबर नाय." मी म्हणालो, "डॉक्टरांनीच सांगितलंय."

डॉक्टरांनी असं काहीही सांगितलेलं नव्हतं.

तो मऊ क्लच बसल्यावर दोन महिन्यांनी कल्याणहून एक लग्न आटोपून परत येत होतो. मागे आई. कसारा घाट चढताना धुकं आणि इगतपुरीकडचा तो आडवातिडवा पाऊस. एका कंटेनरला ओलांडायला ताईने जोर दिला, आणि इंजिन नुसतं किंचाळलं. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा वर आणि गाडी मात्र मंदावत चाललेली. जळका वास आला. बाजूला कंटेनर, मागे एसटीचा हॉर्न... "ताई, काय होतंय?" "घसरतोय," ती म्हणाली. तिने पाय काढला, गाडी कंटेनरच्या मागे घेतली, आणि रांगत रांगत आम्ही इगतपुरी गाठली. चहाच्या टपरीपाशी थांबून तिने स्पीकरवर फोन लावला. "दगूभाऊ, खरं सांगा. डबल प्लेट मिळत नव्हता?" ते म्हणाले, "ताई... ते सरांना विचारा."

तिने मला काहीच विचारलं नाही. आईने मात्र माझ्याकडे बघितलं. त्यानंतर नऊ दिवस ताई घरभर फिरत होती, फक्त मी ज्या खोलीत असेन तिथे येत नव्हती. दहाव्या दिवशी तिने वजनकाटा भिंतीला टेकवून उभा केला, समोर खुर्ची घेतली आणि डाव्या पायाने काटा जोर लावून दाबला. म्हणाली, "वाच." मी वाकून वाचलं, "बावीस." ती म्हणाली, "डबल प्लेट बसवून आणलाय. दगूभाऊंनी ताणकाटा लावून मोजलं, पेडल बारा किलोला जातं. माझा आकडा पंधराच्या खाली आला की चावी तुझी. मला इथून दिसत नाही. रोज सकाळी तू वाचायचा." आणि थोडं थांबून, "खरं सांगायचं."

मग रोज सकाळी आमचं ते सुरू झालं. एकवीस. एकवीस. वीस. दर रविवारी ती त्र्यंबकच्या रस्त्याला जाऊन यायची, आणि आली की चेहरा लख्ख. हिवाळ्यात अठरा झाले, होळीच्या सुमारास सोळा. जिच्या हातातून गाडी काढून घ्यायला मी खोटं बोललो होतो, तिचा आकडा टिकावा म्हणून मी आता रात्री अंथरुणात तळमळत होतो. एप्रिलमधल्या एका सकाळी मी वाकलो तर काटा चौदावर. पंधरा म्हणून टाकावं, कोणाला कळणार आहे... जिभेवर आलं होतं. ताई पाय तसाच दाबून धरून माझ्याकडे बघत होती.

"चौदा," मी म्हणालो.

तिने पाय खाली घेतला. खिशातून चावी काढून माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, "चल. आता तुला शिकवते."

शेजारच्या सीटवर बसून तिने मला चार महिने शिकवलं. "सोडू नकोस असा एकदम. तो कुठे धरतो ते तळपायाला कळू दे." पुढे हात गेले, मग श्वास जड झाला. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात एकदा तुटक तुटक म्हणाली, "तेव्हा मला विचारलं असतंस ना... तर कदाचित मी साधाच क्लच घेतला असता." खरंच घेतला असता का, कोण जाणे. तेवढं बोलून ती खिडकीकडे बघत राहिली.

परवाच्या रविवारी आईच म्हणाली, "किती दिवस खाली जाऊन नुसता बघून येणारेस? चल, एकलहऱ्यापर्यंत जाऊन येऊ." ती पुढे बसली. वाटेतल्या पुलाच्या चढावर वाहतूक अडकली होती. अर्धा फूट सरकायचं, थांबायचं. गाडी न्यूट्रलला घ्यायचं मला सुचलंच नाही, मी पेडल दाबूनच बसलो होतो. बारा किलो म्हणजे काही फार नाही. तरी पाचेक मिनिटांत माझा धडधाकट पाय थरथरायला लागला. आईने बघितलं. माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "दुखतंय का रे?"

नाही म्हणणार होतो.

"हो," मी म्हणालो. "खूप."

तिने हात काढला नाही. पुढची रिक्षा सरकली, मागून हॉर्न आला, आणि तो कुठे धरतोय ते तळपायाने शोधत मी हळूहळू पेडल सोडायला लागलो.