बियाला ठेवलेला कांदा

पिंपरी पेंढारच्या आमच्या घरात कांद्याचं बी विकत आणत नाहीत. पावसाळाभर कांदे साठवायच्या चाळीत टिकलेल्या कांद्यांतून आई पातळ मानेचे, जोड नसलेले निवडते आणि दिवाळीच्या सुमारास डोंगळे म्हणून पुन्हा लावते. त्यांच्यावर बी धरतं. त्यातला एकही कांदा घरात चिरायचा नाही, पाहुणे दारात आले तरी. दुकानातल्या पुडीवर तिचा काडीचा विश्वास नाही. हा हट्ट तिच्या जिवावर उठेल असं मात्र मला कधी वाटलं नव्हतं.

यंदा तिच्या छातीत गाठ निघाली. ट्रिपल निगेटिव्ह, म्हणजे स्तनाच्या कर्करोगातला झपाट्याने पसरणारा प्रकार. संप्रेरकांच्या गोळ्या त्याला लागू पडत नाहीत. डॉक्टरांनी बजावलं, आधी केमो, मग ऑपरेशन, आणि उशीर नको. आईने मान डोलावली, घरी आली आणि कांदे निवडायला बसली. पहिली तारीख टाळली, दुसरीही टाळली. फोन केला की म्हणायची, डोंगळे लागू देत. पुण्यात माझं कशात लक्ष लागेना. शेवटी एसटी धरली. ती वाटेत कळंबला रखडली तेव्हा उतरून चालत सुटावं असं वाटत होतं.

घराच्या वाटेवर शेजारच्या काकूंनी विचारलं, औषध आणलं का? तेव्हा डोक्यात लख्ख उजेड पडला. मी काम करते ते याच रोगावर, एका प्रयोगशाळेत. पेशीत मायक्रोआरएनए नावाचे इवलेसे तुकडे असतात. कुठल्या जनुकाचं काम किती चालू द्यायचं, हे ते आवरून धरतात. मागे आईला सांगितलं तर ती म्हणाली होती, म्हणजे पाण्याला दारं धरणारे, या वाफ्यात सोडणारे, त्या वाफ्याचं अडवणारे. मी खूश झाले होते. या रोगात त्यांतले काही कामावरच नसतात आणि पाणी भलत्याच वाफ्यात शिरतं. आईने हे गावभर सांगितलं, आणि सांगता सांगता त्याचं औषध करून टाकलं.

ती चाळीत बसली होती. केमोचं काढताच म्हणाली, "लेक त्याच रोगावर काम करती. घरचं बी असताना दुकानाचं कशापायी?"

मला संताप आला. तिचाही, माझ्या कामाचाही.

"आई, माझ्याकडे औषध नाही. कुठलं दार कुणी सोडलं, एवढंच आम्ही अजून शोधतोय. औषधाची वाट बघत बसलीस तर मरशील."

हा शब्द आमच्याकडे कुणी कुणाच्या तोंडावर काढत नाही. ती बराच वेळ हातातला कांदा फिरवत राहिली. मग विचारलं, शोधता कशात? मी सांगितलं, बायकांच्या गाठींचे तुकडे गोठवून ठेवतो, त्यांच्यात. तिने कांदा बियाच्या ढिगात ठेवला आणि हात झटकले.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात तिने आपण होऊन संमतीची सही केली. केमोआधी सुईने गाठीचा एक तुकडा आमच्या प्रयोगशाळेसाठी काढला. मी खोलीबाहेर येरझाऱ्या घालत होते. मग नर्स केमोचं सलाईन घेऊन आली, तिच्यामागून मीही आत गेले, तसा आईने हात आखडून घेतला आणि माझ्याकडे बघितलं.

"तुकडा ठेवला का बियाला?"

"ठेवला."

तिने हात पुढे केला. "मग टोचा आता दुकानाचं."