एका टोकाच्या तारा

दबोरा साळवे जेवताना ताटावरून दुसऱ्यांदा उठली, तेव्हा तिच्या वडिलांनी हातातला घास खाली ठेवला. एबनेझर साळवे शिरूर आगारात एसटीचे ड्रायव्हर होते.

"काय गं, पोट दुखतंय का?"

"न्हाई पप्पा. डोकं जागेवर न्हाई."

२००७ साल होतं. दबोरा पुण्याच्या एका प्रयोगशाळेत पीएच.डी. करत होती. केसाच्या हजाराव्या भागाइतक्या बारीक चांदीच्या तारा सूक्ष्मदर्शकाखाली थरथरवायच्या आणि त्या थरथरीचा वेग मोजायचा, हे तिचं काम. तिचे आकडे पुस्तकातल्या सूत्राशी जुळत नव्हते. दोन्ही टोकं पक्की धरलेली तार हिशेबापेक्षा भरभर थरथरायची. एकच टोक धरलेली मात्र मंद.

पहिल्याचं कारण तिला कळलं होतं. धातूच्या पृष्ठभागावरच्या अणूंना बाहेरच्या बाजूला शेजारीच नसतात, त्यामुळे पृष्ठभाग आवळू पाहतो. जाड तारेत हा ताण जाणवतही नाही. इतक्या बारीक तारेत तोच वरचढ होतो. दोन्ही टोकं बांधलेली, मग तारेला आखडता येत नाही. ती ताणली जाते, कंपनं वाढतात. पण एक टोक मोकळं असलेली तार आखडून सुटी व्हायला हवी होती. ती मंद का व्हावी?

"मोजणी चुकली असणार," तिचे मार्गदर्शक म्हणाले होते. "एका टोकाच्या तारा वगळ. उरलेल्यांवर पेपर होतो."

आणि दबोरा "हो सर" म्हणून घरी आली होती.

रविवारी चर्चमध्ये उपासना चालू असतानाच ती उठली आणि घोडनदीच्या पुलापर्यंत चालत गेली. एबनेझर मागोमाग आले, तेव्हा तिने सरांचं म्हणणं त्यांना सांगितलं.

"पटत न्हाई तर न्हाई म्हणून सांग की सरांना."

"माझी डिग्री त्यांच्या सहीवर हाय, पप्पा!" ती खेकसली. "तुम्हाला सोपं वाटतंय."

एबनेझर घराकडे वळले. तीही मागून निघाली. तिला स्वतःचाच राग येत होता.

सोमवारी तिने सरांना सांगितलं, की तारा वगळणार नाही. सर चिडले. "मग कारण घेऊन ये!"

तिने नव्या तारा केल्या, पुन्हा मोजल्या. पुन्हा मंदच. मग हिशेब मांडताना तिला आपली चूक दिसली. तार आखडली म्हणून ताण संपत नाही. पृष्ठभाग आवळलेलाच राहतो आणि आतला धातू दाबला जातो. असा दाब घेऊन वाकणारी तार नरम पडते आणि म्हणून मंद थरथरते, असं तिच्या मांडणीत निघालं. आकडे मोजणीच्या बरेच जवळ आले.

सरांनी सगळं तपासलं. एका ठिकाणी अधिक-उण्याचं चिन्ह उलटं पडलं होतं, ते सुधारलं. "मी घाई केली," ते म्हणाले. पेपरात दोन्ही तऱ्हेच्या तारा गेल्या.

तो छापून येण्याआधीच परदेशातल्या एका गटाने असंच स्पष्टीकरण प्रसिद्ध केलं. दबोराला दोन घास जाईनात. "त्यांच्याकडे नुसता हिशेब आहे," सरांनी समजावलं, "मोजमाप तुझं आहे." पेपर छापला गेला, पुढे डिग्रीही मिळाली.

एबनेझरांनी आगारात पेढे वाटले. संध्याकाळी विचारलं, "मग आता झालं ना समदं?"

"कुठलं झालं? हे चांदीचं झालं," दबोरा पुण्याला परतायची बॅग भरत म्हणाली. "सोन्याची तार अशीच वागंल का, ते कुणाला ठाऊक?"