हर्षदाचं खोटं

"उषाबाईनं घरी येऊन सांगितलंय. सुनेची पहिली संक्रांत आहे म्हणे. नाही गेलं तर वाईट दिसतं," असं म्हणत मालतीबाईंनी लेकीच्या अंगावर धुतलेला ड्रेस टाकला. दहावीचं वर्ष आहे, बोर्डाची परीक्षा तोंडावर आली आहे, असं हर्षदा कुरकुरली खरी, पण उषाबाईंचं नाव ऐकताच तिच्या मनाला गुदगुल्या झाल्या होत्या. उषाबाई म्हणजे तिच्या वर्गातल्या योगेंद्रची काकू. मायला ते माहीत नव्हतं. साड्यांना टिकल्या चिकटवायचं काम दोघी एकाच शेठकडून घरी आणायच्या, एवढीच त्यांची ओळख. उषाबाईंना महेश नावाचा मुलगा होता. लग्न त्याचंच झालं असणार, असं हर्षदानं गृहीत धरलं.

सत्त्याण्णव सालची संक्रांत नुकतीच सरली होती. विजेच्या तारांवर फाटके पतंग लोंबत होते. मायलेकी सुरतेच्या नवागामातून रेल्वेचे रूळ ओलांडून दिंडोलीच्या बाजूला गेल्या. उषाबाईंच्या खोलीत बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या आणि मध्ये पाटावर, काळी साडी नेसलेली, गळ्यात, हातात, कपाळावर हलव्याचे पांढरे दागिने घातलेली एक मुलगी मान खाली घालून बसली होती. हर्षदाच्याच वयाची असेल.

"हायी आमना योगेंद्रनी नवरी, तारा," उषाबाई कौतुकानं म्हणाल्या. "लगीन व्हईसन पाच वरीस व्हयनात, पन आते लयनूत."

लग्न होऊन पाच वर्षं झाली. आता आणली. योगेंद्रची नवरी.

हर्षदाला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मग वाटलं, योगेंद्र नावाची मुलं सुरतेत काय कमी आहेत? तेवढ्यात पाटावरची मुलगी उठली, हलव्याचे दागिने सांभाळत पुढे आली आणि तिनं हर्षदाच्या कपाळाला कुंकू लावलं. बोट गार होतं. "तिळगूळ घ्या," ती इतक्या हळू म्हणाली की हर्षदाला तिचे फक्त ओठ हललेले दिसले.

आणि दारातून साखरेची पिशवी घेऊन योगेंद्र आत आला. त्यानं हर्षदाला पाहिलं. पिशवी खाली ठेवली आणि एक शब्द न बोलता निघून गेला. हर्षदाच्या हातातला तिळगूळ तसाच राहिला. मायनं दोनदा हाक मारली तेव्हा कुठे तिला कळलं की परत निघायचं आहे.

हर्षदा सरळ मुलगी होती, असं कुणीच म्हणालं नसतं. तिचे वडील चिंधा बोरसे लूमखात्यात मागावर उभे राहून कापड विणायचे, आणि ही वर्गात सांगायची, माझे आप्पा तिथे मास्तर आहेत, वीस माणसं हाताखाली. तिचं खोटं गरजेपोटी नसायचं. बोलता बोलता जीभ सैल सुटायची आणि एकदा बोललं की तेच तिला खरं वाटू लागायचं. योगेंद्र नेमका उलटा. गावाकडे शाळा सुटली म्हणून दोन वर्षं मागे पडलेला, काका-काकूंकडे राहणारा, रविवारी रंगखात्यात काम करणारा. सोमवारी त्याची नखं कधी निळी, कधी जांभळी असायची. विचारलं तर उत्तर द्यायचा, नाहीतर गप्प.

त्यांचं जुळलं ते सहामाही परीक्षेत. हर्षदानं आपणहून त्याला गणिताचा पेपर दाखवला. बाईंनी पकडलं तेव्हा ती झटकन म्हणाली, "यानं ओढून घेतला." योगेंद्रनं सगळ्या वर्गासमोर छड्या खाल्ल्या आणि तोंड उघडलं नाही. ज्याला आपण फसवलं त्यानं आपल्याला वाचवावं, हे तिला इतकं नवं होतं की ती त्या दिवशी त्याच्या मागोमाग रेल्वे फाटकापर्यंत चालत गेली. नंतर रोजच. फाटक बंद असलं की मालगाडी जाईपर्यंत दोघं उभे राहायचे. ती बोलायची, तो ऐकायचा. मालगाडी जितकी लांब तितकं बरं. एकदा त्यानं तिच्या दप्तराचा तुटलेला पट्टा तारेनं बांधून दिला होता, बस्स. पण तेवढ्यावर तिनं मनात संसार थाटला होता.

हळदीकुंकवाच्या दुसऱ्या दिवशी तिनं त्याला त्याच फाटकाजवळ गाठलं.

"लग्न झालंय तुझं?"

"मी बारा-तेरा वर्षांचा होतो. आजोबा अंथरुणाला खिळले होते. चुलत भावाच्या मांडवातच माझंही उरकून घेतलं. मला तर त्यानंतर तिचं तोंडही आठवत नव्हतं."

"मग सांगता आलं नाही?"

"रोज ठरवायचो, आज सांगू."

"आणि?"

"तू बोलत असायचीस," तो म्हणाला.

तो खाली बघत पुटपुटला की आपल्याला तारा नकोच आहे, दहावी झाली की हजिऱ्याला कारखान्यात काम बघतो, मग तू म्हणशील तसं. हर्षदानं त्यातलं अर्धंच ऐकलं. आपण फसवले गेलो, हे तिला सोसवत नव्हतं. पण त्याहून सोसवत नव्हतं ते हे, की त्या काळ्या साडीतल्या मुलीपुढे आपण हरलो.

म्हणून ती ताराकडे जाऊ लागली. उषाबाईंना म्हणाली, "वहिनीला इथलं काही ठाऊक नाही, मी सोबत करते." उषाबाईंना बरंच वाटलं. त्या साड्या पोचवायला गेल्या की दोघीच घरात असायच्या. तारा नंदुरबारच्या पलीकडच्या खेड्यातली. ती आल्यापासून उषाबाईंजवळ झोपत होती आणि नवरा महेशबरोबर माळ्यावर. तिला सगळंच विचारायचं असायचं.

"तू त्याच्या वर्गात आहेस ना? त्याला काय आवडतं ग? माझ्याशी तो बोलतच नाही."

त्या प्रश्नानं हर्षदाच्या काळजात काहीतरी खुपलं. ती सहज म्हणून गेली, "बोलेल कसा? दारू पितो तो." ताराचे डोळे मोठे झाले. ते पाहून हर्षदाची जीभ सैल सुटली. "कुणाला सांगू नकोस हं. तुझ्याआधी पण एक आणली होती यांनी. खेड्यातलीच होती. महिनाभर ठेवली आणि मग गेली कुठे ते कुणालाच माहीत नाही. लोक म्हणतात, विकली. इथे सुरतेत असं चालतं."

तारा हसली नाही, रडली नाही. हातातले वाटीभर तांदूळ निवडायचं तिनं थांबवलं, एवढंच. हर्षदा घरी आली, जेवली, अभ्यासाला बसली. आपण काय बोललो, याचा तिला जवळजवळ विसरच पडला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेतून येताना तिला उषाबाईंच्या दारात गर्दी दिसली. तारा सकाळी नळावर पाण्याला गेली ती परतलीच नव्हती. हंडा नळावरच होता. बायका एकमेकींना विचारत होत्या, पुरुष स्टेशनाकडे, बाजाराकडे धावले होते. तेवढ्यात कुणीतरी येऊन सांगितलं, "रुळावर बाई सापडलीय. उधना स्टेशनाच्या अलीकडे. हिरवी साडी आहे."

सकाळी तारा हिरवी साडी नेसली होती.

योगेंद्र आणि त्याचा काका तसेच अनवाणी पळाले. हर्षदाच्या कानात नुसती घंटा वाजत होती. समोरच्या बायकांची तोंडं हलताना दिसत होती, आवाज येत नव्हता. आपण मारलं तिला. तिच्या जिभेनं आजवर शंभर खोटी रचली होती, पण त्यातलं एकही असं रुळावर जाऊन पडलं नव्हतं.

"मीच सांगितलं तिला," बऱ्याच वेळानं ती म्हणाली. कुणी ऐकलं नाही. मग ती ओरडली, "मीच सांगितलं तिला, की तुम्ही तिला विकणार!"

गलका थांबला.

"काय सांगितलंस?" मालतीबाई गर्दीतून पुढे आल्या. त्यांच्या केसांत साडीवरच्या टिकल्या अडकल्या होत्या.

हर्षदानं सगळं सांगितलं. दारू, आधीची बायको, सगळं. "खोटं आहे ते. मी मनानं रचलं."

"का ग? तुझं काय घेतलं होतं तिनं?" उषाबाईंनी विचारलं. त्यांचा आवाज रागाचा नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं.

तेवढ्यात योगेंद्र परतला. चेहरा राखेसारखा झाला होता. "ती नाही," तो धापा टाकत म्हणाला. "दुसरीच कुणी बाई आहे बिचारी. तारा नाही." कुणीतरी देवाचं नाव घेतलं. पण उषाबाईंची नजर हर्षदावरून हलली नव्हती. "सांग ना, का केलंस?"

हर्षदानं योगेंद्रकडे पाहिलं. त्याला सगळं समजलं होतं. गल्लीत शिरतानाच तिचं ओरडणं त्याच्या कानावर पडलं असणार. आता तो बोलेल, असं तिला वाटलं. छड्या खाताना गप्प राहिला तो माझ्यासाठी; आता माझ्यासाठी तोंड उघडेल. योगेंद्रनं मान खाली घातली आणि तो स्वतःच्या धुळकट पायांकडे बघत राहिला.

मालतीबाईंची थप्पड इतक्या जोरात बसली की हर्षदा भिंतीवर आदळली. पण तिला जो धक्का बसला होता तो थपडेचा नव्हता.

संध्याकाळी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर निरोप आला. तारा सुखरूप होती. ती नळावरून थेट स्टेशनात गेली होती, भुसावळ पॅसेंजरमध्ये बिनतिकीट चढली होती आणि माहेरी पोचली होती. गल्लीतल्या बायका रडल्या आणि मग हर्षदाला शिव्या द्यायला मोकळ्या झाल्या.

मालतीबाईंनी तिची शाळा बंद केली. "गावाला पाठवते आणि पहिलं येईल ते स्थळ बघून उजवून टाकते," असं त्या येता-जाता म्हणत. चिंधाआप्पा कामावर जायचे, यायचे, लेकीकडे बघायचे नाहीत.

आणि मग एका दुपारी योगेंद्र त्यांच्या लूमखात्यात जाऊन उभा राहिला. माग चालू असले की तिथे शेजारच्या माणसाचंही ऐकू येत नाही. योगेंद्रला त्यांच्या कानाशी ओरडावं लागलं. "काका, चूक तिची एकटीची नाही!" आप्पांनी मान हलवली, ऐकू येत नाही म्हणून. तो आणखी जोरात ओरडला, "आमचं दोघांचं होतं! माझं लग्न झालेलं मी तिला—" आणि लाइट गेली. सगळे माग एकदम थांबले. "—सांगितलं नाही! मी फसवलं तिला!" हे शब्द त्या लांबलचक शेडमध्ये या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्यांनी ऐकले.

आप्पांनी हात पुसले. मग म्हणाले, "हे त्या दिवशी दारात बोलला असतास, तर माझ्या पोरीनं एकटीनं मार खाल्ला नसता. जा आता."

घरी आल्यावर त्यांनी मालतीबाईंना एवढंच सांगितलं, "ती परीक्षा देईल." त्यांचा आवाज असा कधी कुणी ऐकला नव्हता. मालतीबाई पोळी तव्यावर तशीच ठेवून त्यांच्याकडे बघत राहिल्या. पोळी करपली.

दरम्यान ताराचे वडील भटू सुरतेला आले. जातीतली वडीलधारी माणसं बसली. मुलीला खोटं सांगितलं होतं, आता गैरसमज मिटला, तेव्हा तिला परत पाठवा, असं योगेंद्रच्या काकांनी हात जोडून सांगितलं. भटू म्हणाले, "मी पण तेच बोललो तिला. पोरगी म्हणते, ती मुलगी खोटं बोलली असेल. पण इतके दिवस मी त्या घरात होते, आणि तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही, हे तर खरं ना? मग मी कुणासाठी जाऊ?" रीतसर फारकत झाली.

वाट मोकळी झाली, आणि त्या मोकळ्या वाटेची हर्षदाला भीती वाटली. परीक्षेच्या केंद्रावर योगेंद्र समोर आला तेव्हा ती तोंड फिरवून आत गेली.

उन्हाळ्यात ती आप्पांना म्हणाली, "मला ताराकडे न्या." आप्पांनी का म्हणून विचारलं नाही. पॅसेंजरनं ते दोघं गेले. तारा अंगण शेणानं सारवत होती. हर्षदाला बघून ती उठली, कोपरापर्यंत हात शेणानं भरलेले.

"माफी मागायला आलेय," हर्षदा म्हणाली.

"गाडीत मला वाटत होतं, प्रत्येक माणूस मला पकडायला आलाय," तारा म्हणाली. "संडासाजवळ बसून आले मी. अजून झोपेत दचकते." जराशानं तिनं विचारलं, "तुला तो हवा होता?"

हर्षदानं होकारार्थी मान हलवली.

"तर मग मला तसं सांगायचंस ना. मला तरी कुठे हवा होता?"

इतकं साधं वाक्य बोलता येतं, हे हर्षदाच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

"माफ नही करस मी तुले," तारा म्हणाली आणि हात धुवायला वळली. "पन बस. च्या पी."

हर्षदा पास झाली. योगेंद्र दोन विषयांत राहिला आणि हजिऱ्याला एका ठेकेदाराकडे कामाला लागला. त्यानंतर तो दर रविवारी, भर दिवसा, सगळ्या गल्लीदेखत चिंधाआप्पांच्या घरी येऊ लागला. पुढच्या खोलीत बसायचा. मालतीबाई वर्षभर त्याच्याशी बोलल्या नाहीत. चहा ठेवायच्या, तोही अर्धा कप. हर्षदाही पहिले कित्येक रविवार मागच्या खोलीतच राहिली. मग एकदा बाहेर येऊन तिनं विचारलं, "आज काय सांगायचं राहिलंय?"

तो गडबडला. मग म्हणाला, "त्या दिवशी दारात मी घाबरलो होतो. लोकांना नाही, तुला. तू इतकं करू शकतेस, याची भीती वाटली मला. अजून वाटते."

"मला पण वाटते, माझीच," हर्षदा म्हणाली, आणि त्याच्या समोर, पण जरा लांब, बसली.

नव्याण्णव साली त्यांचं लग्न झालं. मालतीबाईंनी मांडवात सगळ्यांना सांगितलं की मुलगा बोलत नाही फारसा, पण विचारलं तर खरं सांगतो.