पंच क्रमांक दोन

हे मी बायकोलाही सांगितलं नाही. तिच्या शेवटच्या आजारपणात रोज उशाशी बसायचो, सांगायला हवा तेवढा वेळ होता – तरी नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखणाऱ्यांच्या लेखी मी फार भला माणूस आहे.

मी प्राथमिक शाळेचा मास्तर. घर पनवेलला, आणि नोकरीची शेवटची वर्षं डोंगरातल्या एका ठाकरांच्या वाडीवर. विमानतळाच्या तेव्हा नुसत्या गप्पाच होत्या. वाडीत मला सगळे ‘गुरुजी’ म्हणत. माझं नाव कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. मास्तराला नाव कशाला लागतं?

वाडीपासून तासाभराच्या चढावर एक माळ आहे. तिथली रीत अशी, की माणूस गेलं आणि दिवस झाले की ओढ्यातून एक दगड निवडायचा, वर न्यायचा, त्या माणसाचं नाव मोठ्याने घ्यायचं आणि दगड आडवा ठेवून परत यायचं. शेंदूर नाही, अक्षर नाही, काही नाही. नवख्याला काय दिसणार? माळावरचे दगड. पण वाडीतल्या जुन्या माणसांना कुठला दगड कुणाचा हे तोंडपाठ होतं. कान्हूबाबा, वाडीतला सगळ्यात म्हातारा माणूस, मला एकदा वर घेऊन गेला होता. आपल्या बायकोचा दगड त्याने हाताने पुसला. मग तिच्या शेजारी बसून आम्ही दोघांनी तांदळाची भाकरी आणि सुकट खाल्ली. म्हणजे मला माहीत होतं – अगदी नीट माहीत होतं.

मग त्या माळावर पवनचक्क्या उभ्या करायच्या ठरल्या. जागेची पाहणी करायला एक साहेब कंपनीच्या जीपमधून आले, शाळेपाशी थांबले. म्हणाले, स्थळपाहणीचा पंचनामा आहे, दोन पंच लागतात, पहिला आमचा ड्रायव्हर झालाय, गुरुजी तुमची एक सही द्या. कागद कोरा होता. वर जाऊन मजकूर भरतो, म्हणाले. मी पूर्ण नाव घालून सही केली. का केली? धमकी नव्हती, लालूच नव्हती. साहेबाने पुढे केलेल्या कागदावर सही करायची, ही आम्हा मास्तरांच्या हाताला लागलेली सवय. जीप शाळेच्या पटांगणातच वळली आणि डोंगर उतरून निघून गेली. वर कुणी गेलंच नाही. हे मी वर्गाच्या दारातून पाहिलं, आणि आत येऊन मुलांकडून पाढे म्हणून घेतले.

इथवर फार तर निष्काळजीपणा म्हणा. खरी गोष्ट पुढे आहे.

वाडीने पनवेलच्या कोर्टात दावा लावला. दगड हलवू नका, एवढंच मागणं. त्यासाठी धावपळ कुणी केली? मीच की! अर्ज लिहिले, माणसांना एसटीने कोर्टात नेलं-आणलं, तरुणशी वकीलबाई होती तिला सगळं समजावून दिलं. मी सरकारी नोकर, म्हणून माझं नाव कुठे यायलाच नको, असं म्हणून तिने ते विचारलंही नाही. तीही गुरुजीच म्हणायची. आणि मग एक दिवस पंचनाम्याची नक्कल हातात आली. माळावर केवळ विखुरलेले दगड, पूजेची अगर दफनाची खूण नाही, वहिवाट नाही, पंच समक्ष हजर. खाली दोन सह्या.

वकीलबाईचा चेहरा उजळला. “हे वर गेलेच नसणार. गुरुजी, या दुसऱ्या पंचाला शोधा. मी गेलो नव्हतो, एवढं त्याने लिहून दिलं की हा पंचनामा टिकत नाही. आपल्याकडे दुसरं काहीच नाही.”

तो तिच्यासमोर, टेबलाला हात टेकून उभा होता.

शोधतो, म्हणालो. आठ दिवस शोधलं – म्हणजे काय केलं? घरी बसलो. खोटा पंचनामा म्हणजे चौकशी, निलंबन, हाताशी आलेलं पेन्शन गेलं. पण नुसतं पेन्शनच होतं का? वाडीत शिरलो की बाया डोक्यावरचा पदर सावरून वाट देत. ते मला सोडवत नव्हतं. आठव्या दिवशी कोर्टाच्या आवारात मी सांगून टाकलं, की तो पंच वारला.

वकीलबाईने फाईल मिटली. कान्हूबाबा शेजारीच होता. त्याने विचारलं, “नाव काय व्हतं त्याचं?”

मी कागद वर धरून माझं नाव वाचलं, वडिलांच्या नावासकट. त्याने ते दोनदा घोकलं. मग म्हणाला, “त्यानं आमची मानसं बघली नाय, म्हनून तसं लिवलं. मेलेल्यावं राग कसला? त्याचा पन धोंडा ठेवतो. त्यांच्यात ऱ्हाईल तवा बघंल.”

आणि ठेवला हो! ओढ्यातला काळा, गुळगुळीत दगड, स्वतः डोक्यावरून नेला आणि बायकोच्या दगडाला लागून ठेवला. नाव नीट घेतलं जावं म्हणून मला सोबत नेलं. माझ्या दगडापुढे उभं राहून माझं नाव मीच मोठ्याने घेतलं. कान्हूबाबाने हात जोडले. निकालाला तेव्हा महिना होता. त्या महिन्यात मी वकीलबाईला तीनदा भेटलो.

निकालात पंचनाम्याचाच आधार होता. दावा गेला. पात्यांची लांबलचक धुडं कळंबोलीच्या वळणावर अडकली होती, ती बघायला माणसं गोळा झाली होती, त्यात मीही होतो. माळावर रस्ता करताना भरावाला दगड लागले, ते तिथलेच घेतले. कान्हूबाबा दोन दिवस यंत्राच्या मागे मागे चालत होता. त्याला एकही ओळखता आला नाही.

पुढच्या वर्षी तो गेला. त्याच्या मुलाने रीतीप्रमाणे ओढ्यातून दगड आणला, पण आता वर कुंपण होतं, दाराशी पहारेकरी होता. मुलगा विचारत आला, “गुरुजी, बाबाला ठेवू कुठं?” शेवटी त्याने दगड शाळेच्या भिंतीला टेकवून ठेवला. मी निवृत्त होऊन निघालो तेव्हाही तो तिथेच होता.

माझा वर आहे. रस्त्याखाली, त्याच्या बायकोच्या शेजारी.