न पाहिलेल्या शहराची माहिती
दह्याचा डबा उघडला की मला जपानमधलं एक छोटं शहर आठवतं, जे मी कधी पाहिलेलंच नाही. लेक वर्षभर इंग्रजी शिकवायला तिथे निघाली होती. महिनाभर मी लंडनमधल्या हाउन्सलोच्या आमच्या किचनमध्ये फोनवर त्या शहराची माहिती वाचत होते. मधून नदी, टेकडीवर किल्ला, तासाला एकच ट्रेन, हिवाळ्यात गुडघाभर बर्फ. भूकंप झाला तर कुठल्या शाळेत जमायचं, तेही मी नवऱ्याला म्हणून दाखवलं. "अगं, जातंय कोण, ती की तू?" तो वैतागला. निघायच्या सकाळीही मी लेकीच्या मागे मागे होते. "स्टेशनपासून हॉस्पिटल लांब आहे हं." "आई, चिल. मला माहितीये." एअरपोर्टवर सिक्युरिटीपलीकडून तिने हात हलवला आणि तो रिकामा तळहात बघून मला एकदम आठवलं. निघताना हातावर दही घालायचंच राहिलं होतं. मुद्दाम काढून ठेवलेली वाटी घरी ओट्यावर तशीच होती. परत आल्यावर ते दही मी उभ्याउभ्याच संपवलं. त्या एका वर्षाची आता चार झाली. तिथलं हवामान मी अजून रोज बघते. ती परत कधी येणार, ते मात्र त्या माहितीत कुठेच नाही.