शेवटच्या डबक्याची गोधडी

ऑक्टोबर १९९७, गुरुवार संध्याकाळ, कुवेतमधलं मंगफ. हजर: मी, आमचे हे, ड्रायव्हर हसनभाई आणि जिला निरोप द्यायचा ती पाखरंवाली बाई. केक एक, समोसे पोटभर.

कुवेतमध्ये मी हट्टी माणसं पुष्कळ पाहिली, पण या बाईपुढे ती सगळी मऊ भात. ती अमेरिकेतल्या लकोटा जमातीची. तिकडे जमातीच्या ऑफिसात तिने धाकट्या भावाबरोबर बरीच वर्षं काढली. हरवलेले रानगवे पुन्हा आपल्या माळावर आणायचे आणि त्या माळासाठी सरकारशी भांडायचं, हे काम. "गवेही हाकायचे, साहेबही हाकायचे," ती सांगायची. "गवे ऐकतात."

एक्क्याण्णवच्या आखाती लढाईत तेलाच्या विहिरी जळल्या आणि वाळवंटात तेलाची डबकी साचून राहिली. उत्तरेकडून आलेली दमलेली पाखरं वरून चकाकी बघतात, पाणी समजून उतरतात आणि पुन्हा उठत नाहीत. आमच्या कंपनीकडे सफाईचं कंत्राट होतं, आणि बाई पाखरांसाठी नेमलेली. प्रत्येक डबक्यावर जाळी टाका, एवढं एकच तिचं मागणं. इंजिनियर म्हणायचे, पुढच्या महिन्यात. तोवर ती माझ्या कपडे भिजवायच्या टबात, माझ्याच भांड्यांच्या साबणाने पाखरं धुवायची. बहुतेक तिच्या हातातच मरत. मग ती टब घासून, उलटा वाळत घालून निघून जायची.

हसनभाई मूळ रत्नागिरीकडचे. त्यांची तक्रार कायमची. "भाभी, गाडीत पाखरू असलं की एसी नाय, रेडिओ नाय. माझ्या जिवाचं काय?"

"तू तेलात पड, तुलाही धुवीन," बाई म्हणायची. ते मला भाभी म्हणत म्हणून तीही म्हणायची. तिला ते माझं नावच वाटत होतं.

त्या वर्षभर ती फहाहीलच्या बाजारातून कापड आणून गोधड्या शिवत होती. मधोमध मोठी चांदणी, आणि बाहेर पन्नास डिग्री! आम्ही खूप हसलो. मग एके दिवशी तिने फोन करून कुकर, पंखा, गोधड्या न्यायला बोलावलं. आखातात नोकरीला आलेला माणूस पंखा वाटायला लागला की अर्थ एकच, व्हिसा कॅन्सल. म्हणून तो केक.

तिने केकवरची निरोपाची अक्षरं वाचली. "कोण चाललंय?"

"तूच ना?" मी म्हटलं.

मग तिने सांगितलं. भाऊ गेल्या वर्षी याच दिवसांत गेला. पाखरांचा मोसम म्हणून रजा मिळाली नाही. त्यांच्यात गेलेल्याचा आत्मा वर्षभर जपतात, त्याच्या नावाने वस्तू जमवतात आणि वर्ष भरलं की वाटून टाकतात. चांगलं असेल तेच द्यायचं. "घरचे इथे कोणी नाहीत," ती म्हणाली. "तुम्ही आहात."

हसनभाईंनी आपली गोधडी डोळ्यांना लावली. "माय गेली तवा मी पण इथंच होतो," एवढंच बोलले.

केक कापला. पहिला तुकडा तिने भावासाठी खिडकीबाहेर ठेवला. माझ्या सासूबाई पितरांचं पान ठेवायच्या, अगदी तसाच. समोसे कोणी खाल्ले नाहीत.

आम्ही निघताना आणखी एक गोधडी तिने माझ्या हातात दिली. "भाभी, ही तुझी नाही. शेवटच्या डबक्यावर जो जाळी टाकेल त्याला दे. तू कामं विसरत नाहीस."

डबक्यांवर एकेक करून जाळ्या पडल्या, तिच्या कटकटीने. शुऐबा बंदरापलीकडचं एक तेवढं राहिलं. पुढे २००३ साली इराकची लढाई येतेय म्हणून तिला परत पाठवलं. दर ऑक्टोबरात फोन यायचा.

"भाभी, गोधडी गेली?"

"नाही अजून."

"मग ऊन दाखव. कसर लागेल."

दोन वर्षं झाली, फोन येत नाही. मी केला तर पलीकडे नुसता वाजत राहतो. परवा हसनभाई त्या बाजूने येताना डबकं बघून आले. उघडंच आहे, कडेला पिसं.

गोधडीला कालच ऊन दाखवलं. घडी करून पुन्हा वरच्या फळीवर ठेवली आहे. द्यायची राहिली आहे.