अध्यक्षांचा दगड

अण्णा गेला त्या सकाळी बेळगावच्या शहापुरातले आमचे नातेवाईक अजून चपला शोधत होते, तोवर दिल्लीहून फोन आला. 'सोसायटीच्या वतीने आम्ही अत्यंत दुःखी आहोत...' असं कुणीतरी हिंदीतून म्हणालं. मी फोन कानाला लावून उभी. रडू यायच्या आधी मनात आलं ते असं, की ह्यांना एवढ्या लवकर कळवलं कुणी? पुढं कळलं, की अण्णाच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं कळवलं होतं, त्यात काही काळंबेरं नव्हतं. पण माझा स्वभावच तसा. निपाणीच्या शाळेत मी जन्मभर भूगोल शिकवला आणि परीक्षेत कॉप्या पकडल्या. पोरगं वर्गात शिरताना बाही सारखी करतंय म्हटलं की माझी नजर तिथंच जायची. अण्णाच्या सोसायटीकडेही मी पहिल्यापासून त्याच नजरेनं बघत आले.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ, प्रा. अरविंद मुचंडीकर. बेळगावच्या एका कॉलेजात त्यानं भूविज्ञान शिकवलं. आमचे वडील मागावर साड्या विणायचे आणि हा रस्त्यावरचे दगड गोळा करून मागाखाली लपवायचा. पुढं त्याच दगडांनी त्याला नाव दिलं. त्याची कामाची एकच रीत होती. बाहेरून दिसणाऱ्या दगडावर त्याचा काडीचा विश्वास नसायचा. ऊन-पावसानं दगडाचा तोंडवळा बदलतो, म्हणून हातोडीनं टवका उडवायचा, आतला ताजा भाग बघायचा, कधी जिभेलाही लावायचा, आणि मगच नाव सांगायचा. कुणी नुसता दगड आणून दिला तर पहिला प्रश्न ठरलेला. "कुठून उचललास?" जागा सांगता आली नाही तर तो दगड हातातही घ्यायचा नाही. "पत्ता नसलेला दगड काय बोलतोय गं सुमे? कुणीबी काय बी वदवून घेतंय त्याच्याकडनं," म्हणायचा. एवढा चिकित्सक माणूस, पण माणसांच्या बाबतीत मात्र अगदी भोळा सांब. गोड बोलून कुणी हात पुढं केला की झालं, तिथं टवका उडवून बघायची बात नाही. वहिनी गेल्यावर, मी निवृत्त होऊन त्याच्याकडे राहायला आले तेव्हा आमची वाटणी ठरूनच गेली होती. दगड त्यानं तपासायचे आणि माणसं मी.

तो भूविज्ञानवाल्यांच्या त्या राष्ट्रीय सोसायटीचा अध्यक्ष झाला, तोही बिनविरोध, तेव्हा घरात पेढे आले. मी पेढा हातात धरूनच विचारलं, "अण्णा, आपल्याकडं गावच्या दूध सोसायटीचा चेअरमनसुद्धा बिनविरोध होत न्हाय. दिल्ली-हैदराबादच्या एवढ्या बड्या लोकांत बेळगावचा मास्तरच ह्यांना का सापडला?" तो हसला. "लई संशयी हैस बघ तू. चांगलं काम केलं म्हणून सापडला म्हण की." मी म्हटलं नाही. ज्यांना सही करणारा हात हवा असतो ते साधा माणूस शोधतात, असं माझं मत होतं आणि आजही आहे. त्यातून त्यांचे उपाध्यक्ष डॉ. भार्गव एकदा घरी येऊन जेवून गेले. त्यांनी प्रत्येक पदार्थाची तारीफ केली, कारल्याच्या भाजीचीसुद्धा. तेव्हाच मी ओळखलं, ह्या माणसावर लक्ष ठेवायला पाहिजे.

त्या सोसायटीत एक रिवाज आहे. नव्या अध्यक्षानं आपल्या मुलखातला एक दगड, स्वतः जाऊन, स्वतःच्या हातानं फोडून आणायचा. तो कचेरीतल्या काचेच्या कपाटात त्याच्या नावासह कायमचा राहतो. आजवरच्या सगळ्या अध्यक्षांचे दगड तिथं ओळीनं मांडलेत म्हणे. अण्णा त्यासाठी भल्या सकाळी खानापूरच्या बाजूला गेला आणि तिकडूनच दिल्लीला रवाना झाला. मी काही तो दगड बघितला नाही. फोनवर मात्र पोरासारखा उड्या मारत होता. "सुमे, आपल्याकडचा काळा दगड जिथं संपतोय आन् खालचा जुना पांढरा दगड सुरू होतोय ना, बरोबर तिथला तुकडा मिळाला. एकाच तुकड्यात दोन्ही! खरी सीमा ही. हिच्यावर कुणाचं भांडण न्हाय."

वर्षभर बरं चाललं. मग एक दिवस पेपरात बातमी आली. खानापूरकडे एका गावामागचा डोंगर रस्त्यासाठी कापत होते, आणि गावातले लोक घाबरले होते. बातमीत म्हटलं होतं, की डोंगर पक्का आहे, धोका नाही, असा भूविज्ञान सोसायटीचा निर्वाळा आहे... आणि खाली अध्यक्ष म्हणून अण्णाचं नाव. त्याच गावची रेणुका शहापुरात आमच्या कोपऱ्यावर भाजी विकायला बसते. तिनं मेथी माझ्या पिशवीत टाकता टाकता विचारलं, "आक्का, सरांनीच सांगितलंय न्हवं? मग काय भ्या न्हाय म्हणायचं." मी 'व्हय' म्हटलं नाही, 'न्हाय'ही म्हटलं नाही. कारण अण्णा तो डोंगर बघायला गेल्याचं मला माहीत नव्हतं, आणि मला न सांगता तो कुठं जात नसे.

घरी येऊन मी सरळ विचारलं, "तू सही केलीस?" तो पेपर घडी करत होता. "दगड बघितल्याबिगर मी बोलतोय का?" एवढंच म्हणाला. हे उत्तर झालं का? कॉपी सापडलेला पोरगा असंच प्रश्नाला प्रश्न करतो. त्या आठवड्यात तो दिल्लीला जाऊन आला, आणि आल्यावर अध्यक्षपद सोडल्याचं सांगितलं. कारण विचारलं तर म्हणे, तब्येत. मग मला नक्की वाटलं, की एक तर ह्याला त्या लोकांनी हाकललं, नाही तर ह्यानं सही केली आणि आता लाज वाटतेय. सख्ख्या भावाचा संशय घेणं फार वाईट असतं. ताटात भाकरी वाढतानाही तो डोकं वर काढतो. अण्णा त्यावर पुन्हा एक अक्षर बोलला नाही. रेणुकाच्या कोपऱ्यावरून जायचंही मी टाळू लागले. वर्ष संपायच्या आत तो गेला, आणि मला वाटलं, आता हे आपल्याला कधीच कळणार नाही.

तो गेल्यावर काही आठवड्यांनी डॉ. भार्गव स्वतः दारात. आता तेच अध्यक्ष झालेत. बरोबर सोसायटीच्या सेक्रेटरी, डॉ. गिरिजा, धारवाडकडच्या, मितभाषी बाई. शाल आणली होती, अण्णाचा मोठा फोटो आणला होता. चहा होईपर्यंत भार्गव अण्णाच्या आठवणी सांगत होते आणि मी वाट बघत होते, की मुद्द्यावर कधी येतात. आले. कपाटात मुचंडीकर सरांची जागा रिकामी आहे, ओळीत बरं दिसत नाही, तर त्यांनी घरी ठेवलेला एखादा दगड मिळाला तर...

रिकामी? ती कशी? अण्णा तर दगड घेऊनच दिल्लीला गेला होता! मी "बघते," म्हणून मागच्या दारी गेले. शेजाऱ्यांच्या स्लॅबसाठी खडीचा ढीग पडलाय, त्यातला हाताला लागला तो मोठासा तुकडा पदरानं पुसला आणि आणून भार्गवांच्या हातात ठेवला. म्हटलं, हा घ्या. आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. एक प्रश्न विचारतील तर खरे, असं मनाशी ठरवलं होतं. त्यांनी दगड कपाळाला लावला. "इसमें सर का स्पर्श है," म्हणाले, रुमालात गुंडाळला, आणि आम्हा दोघांचा फोटोही काढून घेतला. कुठून उचलला, हे काही त्यांनी विचारलं नाही.

ते गाडीत जाऊन बसले. गिरिजाबाई फाटकाशी घुटमळल्या आणि हळूच कन्नडमधून म्हणाल्या, "आक्का, तो दगड क्रशरवरचा आहे." मी विचारलं, "मग आत का नाही बोललात?"

"कारण खरा दगड मी आत येतानाच बघितला. सरांच्या खोलीच्या दाराला लावलाय तो." मी वळून बघितलं. दिल्लीहून आल्यावर, दार आपटतंय म्हणून अण्णानं एक दगड दाराला लावला होता. अर्धा काळा, अर्धा पांढरा. मी त्याला ठेचकाळून कितीदा शिव्या घातल्यात! बाई सांगत होत्या, "सरांनी स्वतः कपाट उघडून तो परत घेतला. सगळ्यांसमोर म्हणाले, माझं नाव तुम्ही मला न विचारता लावलंत. दगड माझा आहे, तो मी घेऊन जातो. त्यांनी सही केली नव्हती, आक्का. पत्रक त्यांना दाखवलंच नव्हतं."

मला रडू फुटलं, पण सवय कुठं जाते? डोळे पुसत मी विचारलं, "ते पत्रक पेपराला पाठवलं तेव्हा सेक्रेटरी कोण होतं?"

बाई म्हणाल्या, "मीच. सरांची संमती आहे असं भार्गवांनी सांगितलं, मी मानलं. उलटून विचारलं नाही." गाडीचा हॉर्न वाजला आणि त्या गेल्या. त्यांच्यावर विश्वास ठेवावा की नाही, हे माझं अजून ठरायचं आहे.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम रेणुकाच्या कोपऱ्यावर गेले. म्हटलं, "सरांनी तसं सांगितलं न्हवतं. त्यांनी डोंगर बघितलाच न्हवता. त्यांचं नाव फुकट लावलं. तुमच्या गावात सगळ्यांना सांग." तिनं हातातली पेंढी खाली ठेवली. "मग पेपरात घातलं कुणी?" मी तिला दोन्ही नावं सांगितली, आणि इथंही लिहिलीच आहेत.

दिल्लीच्या त्या कपाटात आता अण्णाच्या नावाखाली शेजाऱ्याच्या स्लॅबची खडी बसली असेल. बसू दे. कधी तरी एखादा नवा अध्यक्ष काच सरकवून विचारेल, हा कुठून उचलला? तसा माणूस त्यांच्यात निघेल असं अण्णाला वाटायचं, मला नाही वाटत. पण निघालाच, तर त्यानं शहापूरला यावं. खोलीचं दार उघडं असतं. केर काढताना मी दगड उचलते, खालचं पुसते, आणि पुन्हा काळी बाजू आत, पांढरी बाहेर, अण्णानं ठेवला होता तस्साच ठेवते.